वारली म्हणजे नुसते गोल-त्रिकोण नाहीत

वारली चित्रकलेवरच्या एका लेखात म्हटलंय की वारली सोपी आहे, गोल त्रिकोण जमले की झालं. मी स्वतः काढते म्हणून सांगते, माणूस दोन त्रिकोणांचा असतो हे खरं पण ती टोकं जिथे मिळतात ना ती कंबर, ती जरा तिरकी घेतली की माणूस वाकतो, नाचतो, भाताची लावणी करतो, सगळी हालचाल तिथेच आहे. मी कापडावर आधी शेणाचा हात देते मग गेरू, आणि पांढरा रंग तांदळाच्या पिठात डिंक घालून, बांबूची काडी टोकाला चावून तिचाच ब्रश. पीठ जास्त घट्ट झालं तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात, पातळ झालं तर रेष गेरूत बुडते, म्हणून थोडं थोडंच कालवायचं. तारपा नाच काढताना तारपा, म्हणजे ते फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा मध्ये ठेवते आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत जाते, त्याच्याकडे कोणाची पाठ नसते हे बघा एकदा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र बघा प्लीज, ती बारीक रेष बघून मी अजूनही थांबते. आणि मूळ लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सुवासिनी काढायच्या, वारल्यांच्या पालघट देवीचा, हे लेखात यायलाच हवं होतं