वर्गणीची पावती आणि पन्हाळीतलं पिंपळाचं रोप

काल सकाळी ऑफिसला जाताना सहज मान वर केली आणि पोटात धस्स झालं.

मुंबईच्या फोर्टमधली एक जुनी दगडी इमारत. नाव लिहीत नाही, कुणाला बोल लावण्यासाठी ही पोस्ट नाही. काही वर्षांपूर्वी तिची मोठी दुरुस्ती झाली. कितीतरी महिने बांबूची परांची आणि हिरवी जाळी होती. मग एके दिवशी परांची उतरली आणि इमारत न्हाऊन आल्यासारखी दिसायला लागली. त्या दिवशी मी रस्त्यात थांबून आईला फोटो पाठवला होता. आता त्याच इमारतीच्या वरच्या कंगोऱ्याखाली, जिथे पन्हाळीचा पाइप भिंतीला टेकतो, तिथे पिंपळाचं रोप आलंय. मी पानं मोजली. सात. सातवं अजून तांबूस आहे.

आज ते उपटायला एक शिडी आणि एक माणूस पुरेल. तीन-चार पावसाळे गेले की मुळं सांध्यातला चुना खात आत शिरतील, दगड हलेल, आणि मग पुन्हा परांची, पुन्हा लाखांचं अंदाजपत्रक. हे सांगायला मी वास्तुविशारद असायला नको. आमचं चिपळूणजवळचं घर ऐंशी वर्षं उभं राहिलं ते बाबा दरवर्षी मृगाच्या आधी कौलं चाळायला माणसं बोलवायचे म्हणून. त्या दिवशी पन्हाळीतला पाला आम्ही पोरं हातांनी काढायचो. बाबा खालून ओरडायचे, "कोपऱ्यातलं बघ, कोपऱ्यातलं!" पाणी तिथेच तुंबतं.

हे सगळं आज लिहायचं कारण फोर्टच्याच काळा घोडा भागात भरणारा कलांचा काळा घोडा महोत्सव. फेब्रुवारीत नऊ दिवस ती गल्ली गर्दीने फुलून जाते. मी वीसेक वर्षं नेमाने जाते आहे. डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत संध्याकाळी लेखकांना ऐकलंय, स्टॉलवरून मातीची भांडी आणलीत, भाचरांना खांद्यावर घेऊन फिरवलंय. पण माझ्याबरोबर येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊकच नसतं की हा महोत्सव मुळात कशासाठी सुरू झाला. १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, १९९९ पासून महोत्सव भरायला लागला. प्रवेश फुकट. प्रायोजक आणि स्टॉल यांच्यातून जो पैसा उभा राहतो, तो त्या परिसरातल्या जुन्या वास्तूंच्या जतनाकडे वळवायचा, ही त्यामागची कल्पना. मला ती कल्पना तेव्हाही थोर वाटली होती, आजही वाटते.

तिचं फळ मी रोज बघते. सीएसएमटीला उतरून मी बझारगेटच्या बाजूने चालत जाते. वाटेत बोमनजी होरमर्जी वाडिया यांच्या स्मरणार्थ उभारलेलं कारंजं आणि घड्याळाचा मनोरा लागतो, १८८२ चा. पारशी अग्यारीच्या धाटणीचे खांब, माणसाचं तोंड असलेले पंखवाले बैल. कितीतरी वर्षं तो काजळी आणि फेरीवाल्यांच्या सामानाखाली असा हरवला होता की रोज शेजारून जाऊनही मला त्यावरचे बैल दिसले नव्हते. काळा घोडा असोसिएशनने पुढाकार घेतला, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये त्याचा सन्माननीय उल्लेख झाला. बझारगेटच्या त्या गजबजाटात, हातगाड्यांच्या मधोमध!

आणि मला सगळ्यात भिडणारी गोष्ट अशी की तो मनोरा मुळात उभा राहिला तोच लोकांनी काढलेल्या वर्गणीतून. या शहराची ही जुनी रीत आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेठ यांनी त्यासाठी लोकांकडून पैसा जमवला. १८६२ ला पायाभरणी झाली आणि दारं उघडली १८७२ ला. मधल्या काळात कापसाच्या तेजीचा फुगा फुटला, वर्गणी आटली, शेवटी सरकारला पैसा घालावा लागला. तरी सुरुवात लोकांच्या खिशातून झाली होती. डेव्हिड ससून लायब्ररीची इमारत १८७० ची. खर्च सव्वा लाख, त्यातले साठ हजार ससून यांचे.

(ज्या घोड्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळाही १९६५ पासून भायखळ्यालाच आहे, राणीच्या बागेत, त्या संग्रहालयाच्या शेजारी. मुलांना घेऊन गेलात तर दोन्ही दाखवा.)

मग वर्गणी ही गोष्ट आपण गणपतीपुरतीच का ठेवली?

आज जतनाला पैसा येतो तो बहुतेक मोठ्या देणगीदारांकडून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून. कंपनी कायद्याने वारसा वास्तूंचं जतन त्या यादीत घातलंय ते फार चांगलं झालं. त्या पैशाशिवाय एवढी मोठी कामं झालीच नसती, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. पण मोठी देणगी मोठ्या कामाला येते. जिथे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो निघतात, उद्घाटन होतं, कोनशिला बसते. दरवर्षी मे महिन्यात पन्हाळी साफ करायच्या, रोपं मुळासकट काढायची, सांध्यांमधला निघालेला चुना पुन्हा चुन्यानेच भरायचा, सिमेंटने नाही, याला कोण पैसे देणार? त्याचा फोटो निघत नाही. आणि इमारती मरतात त्या याच कामावाचून.

सिमेंटचं मुद्दाम लिहिलं. ससून लायब्ररीचं मूळचं उतरतं छप्पर जाऊन त्या जागी मधल्या काळात सिमेंटचा स्लॅब आला होता. तो गळायचा. अलीकडच्या दुरुस्तीत तो काढून पुन्हा लाकडी कैच्यांचं उतरतं छप्पर घातलं, तेव्हा कुठे लायब्ररीने श्वास घेतला. आता ते छप्पर सांभाळायला दरवर्षी माणूस वर चढायला हवा.

म्हणून माझं मागणं असं आहे. प्रवेश फुकटच राहू दे, तो कधीही बंद होऊ नये. पण महोत्सवात एक टेबल असू दे, वर्गणीचं. दहा रुपये, वीस रुपये, ज्याला जे जमेल ते. क्यूआर कोड ठेवा, पण कागदी पावतीही द्या, आणि पावतीवर लिहा : 'वार्षिक देखभाल निधी'. हा पैसा फक्त देखभालीला, दुसऱ्या कशासाठी त्याला हात लावायचा नाही. आणि पुढच्या वर्षी, आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात असतो तसा जमाखर्चाचा फलक तिथेच लावा. इतके जमले, अमुक वास्तूच्या पन्हाळी साफ केल्या, तमुक ठिकाणचे सांधे भरले, इतके शिल्लक. ज्याने दहा रुपये दिले तो पुढच्या वर्षी तो फलक वाचणारच. आणि तिथून जाताना मान वर करून बघणारच.

ऑफिसात एका सहकाऱ्याशी यावरून बोलणं झालं. तो म्हणाला, "ताई, आपण टॅक्स भरतो. हे महापालिकेचं काम आहे. आपण परत पैसे का द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. पालिकेकडून हिशेब मागायलाच हवा. १९९५ साली या शहराने वारसा वास्तूंसाठी नियमावली केली ती देशात पहिली होती, ती राबवून घेणंही आपलंच काम. पण ज्याचे दहा रुपये तिथे लागलेत त्याच्या मागण्याला वेगळा जोर असतो. मंडळात वर्गणी देणारा माणूस कसा हक्काने विचारतो, "या वर्षी मंडप एवढा लहान का हो?" तो हक्क मला या इमारतींच्या बाबतीत हवा आहे.

वर्गणीने सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. महोत्सवाच्या त्याच परिसरात एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे, पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल, ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचं. ७ जुलै १८९६ ला तिथे ल्युमिए बंधूंचे चित्रपट दाखवले गेले, भारतातला पहिला खेळ. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी केली गेली. मालक, भाडेकरू, न्यायालय, म्हाडा अशा गाठी जिथे बसल्यात तिथे दहा-दहा रुपये काय करणार? तिच्याकडे बघून जीव तुटतो. पण जिथे गाठ नाही, नुसतं पिंपळाचं रोप आहे, तिथे तरी आपण वेळेवर पोचू या ना.

काल त्या इमारतीच्या वॉचमनकाकांना रोप दाखवलं. ते बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, बघितलंच नव्हतं. साहेबांच्या कानावर घालतो. वर जायला परवानगी लागते." मी अर्ज लिहून दिला आहे, फोटोसकट.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला मी वाडिया घड्याळापाशी असेन. तिथून काळा घोड्यापर्यंत चालायचं, माना वर करून. कुठे रोप आलंय, कुठे पाइप फुटलाय, कुठे ओल उतरलीय ते वहीत लिहायचं आणि ज्याच्या त्याच्या कार्यालयात नेऊन द्यायचं. दुर्बीण असेल तर आणा, माझ्याकडे एकच आहे.