खंबाटकी, हीटर आणि चहाचं पातेलं

मे महिना, दुपारचे दोन, पुण्याहून लग्न उरकून साताऱ्याला परत येत होतो, गाडीत आम्ही पाच माणसं, दोन पैठण्या, एक रुखवताची पेटी आणि सासरेबुवा. खंबाटकीच्या दुसऱ्या वळणावर टेम्परेचरचा काटा जो वर निघाला तो थांबेचना. साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा होता हो, पण पुण्याहून येताना तेव्हा घाटच चढायला लागायचा, आणि गाड्या त्यासाठीच बंद पडतात असं माझं मत आहे.

मी कुठंतरी वाचलं होतं की इंजिन तापलं की एसी बंद करून हीटर फुल्ल लावायचा, म्हणजे इंजिनातली थोडी उष्णता गाडीच्या आत येते. ते खरंय. येते. मे महिन्यात येते तेव्हा काय होतं ते मी लिहू शकत नाही कारण बायको हे वाचणार आहे. एवढंच सांगतो की मेकअप उतरला आणि सासरेबुवांनी सदऱ्याची सगळी बटणं काढली.

बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. सासरेबुवा डिकीतला बोअरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन पुढं, "झाकण काढा, ओततो." मी त्यांचा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच. आत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, प्रेशरखाली असतं, शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण झाकण सैल केलं की सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. तासभर थांबलो. त्या तासात चार गाड्या थांबल्या आणि सल्ले सात मिळाले.

साताऱ्यात मिस्त्रीनं गाडी जरा चालू ठेवली आणि रेडिएटरकडं (कूलंट गार करणाऱ्या समोरच्या जाळीकडं) जाणाऱ्या पायपाला हात लावला. इंजिन भट्टीसारखं, पाइप गार. "थर्मोस्टॅट चिकटलाय."

आता हा थर्मोस्टॅट म्हणजे उंबऱ्यात बसलेली आजी. गार इंजिन सुरू केलं की ती कूलंटला बाहेर रेडिएटरकडं जाऊच देत नाही, आतल्या आतच फिरवते, म्हणजे इंजिन पटकन गरम होतं. साधारण ८२ ते ८८ डिग्री झाले की मग "जा आता" म्हणून दार उघडते. आजीच्या पोटात मेण असतं, खरंच मेण, ते वितळलं की फुगतं, एक दांडी ढकलतं, झडप उघडते. गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग दार लावून घेते. ना वायर ना सेन्सर (काही नव्या गाड्यांत असतं, आमची तेवढी शिकलेली नाही). आमची आजी दार लावूनच बसली होती, कारण अंगभर पांढरा थर आणि गंज. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं कोण ओतत होतं ते मी सांगत नाही, घरात शांतता आहे.

मिस्त्री म्हणला, "काढूनच टाकू की साहेब, आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?" मला पटलं. मला सगळंच पटतं.

मग डिसेंबर आला. महाबळेश्वरहून पहाटे पसरणी घाट उतरताना काचा धुरकट झाल्या, हीटर लावला तर आतून गार वारा. काटा खालच्या रेघेला झोपलेला. इंजिन गरमच होत नव्हतं, त्यामुळं त्याला कायम थंडीच वाटायची आणि ते पेट्रोल जास्त ओढायचं. सतराचं ॲव्हरेज चौदावर कसं आलं याचं उत्तर सहा महिन्यांनी मिळालं, आणि तोवर मी बिचाऱ्या पंपवाल्यावर संशय घेत होतो.

नवा आणला. बसवायच्या आधी खात्री करावी म्हणून पातेल्यात पाणी घेतलं, दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट आत सोडला, तळाला टेकू न देता. आईनं धावत तापाचा थर्मामीटर आणला, तो बेचाळीसलाच हात टेकतो, म्हणून पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टचा घेतला. झडपेवर ८२ असं कोरलेलं. सत्तर, पंचाहत्तर, काही नाही. ऐंशीच्या पुढं केसाएवढी फट दिसली, नव्वदीपर्यंत बोट जाईल एवढी झाली. गॅस बंद केला तर हळूहळू परत मिटली. मी अक्षरशः टाळी वाजवली. मग शेजारी जुना सोडला. पाणी खळाखळा उकळलं तरी हा ढिम्म.

तसा थर्मोस्टॅट बदलायचा किलोमीटरचा पक्का हिशोब नसतो. काटा वर पळाला, किंवा कधी मधोमध येतच नाही, किंवा वॉटर पंप-रेडिएटरचं काम निघालंय आणि कूलंट उतरवलंच आहे, तर लगेहात बदलून टाकायचा. गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) नवंच घालायचं, आणि भरताना आतली हवा काढायची, नाहीतर पुन्हा तोच तमाशा. या खेपेला कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं घातलं.

परवा यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो. काटा मधोमध, हलला नाही. मी सगळ्यांना दाखवला. कुणी बघितलं नाही.

आईनं त्या पातेल्यात चहा करायला साफ नकार दिलाय. ते आता डिकीत असतं, सासरेबुवांच्या बोअरच्या कॅनशेजारी.