‘कटु’चा ‘कडू’ होताना

मराठी ‘कडू’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘कटु’ अशी एका लेखात दिली आहे, ती योग्यच. मात्र वाटेत अर्थ पालटला, हे त्यात आलेले नाही. आयुर्वेदाच्या सहा रसांत, म्हणजे चवींत, ‘कटु’ म्हणजे तिखट, म्हणूनच सुंठ, मिरी आणि पिंपळी यांच्या जिभेला चटका देणाऱ्या चूर्णाला ‘त्रिकटु’ म्हणतात. कारले तेथे ‘तिक्त’, म्हणजे आपले कडू, ठरते. गंमत म्हणजे ‘तिक्त’ आणि ‘तीक्ष्ण’ हे एकाच ‘तिज्’ धातूचे, आणि आपले ‘तिखट’ त्या ‘तीक्ष्ण’वरून आलेले. ‘कटु’ वासालाही चालत असे: कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात रानहत्तीच्या गंडस्थळातून पाझरणाऱ्या मदाचा दर्प सप्तपर्णीच्या चिकासारखा ‘कटु’ आहे, आणि तो नाकात शिरताच सैन्यातील हत्ती माहुतांना न जुमानता तोंड फिरवतात.