एक नमुना कमी

परवा एसटीत शेजारी बसलेल्या एका आजोबांनी माझ्या एम.टेक.चा पंधरावा हिस्सा गुडघ्यावर धरून मोडला. आवाज फार झाला नाही. भाजलेला पापड मोडावा तेवढाच. पण मला तो अजून रात्री ऐकू येतो.

प्रोजेक्टबद्दल थोडक्यातच सांगते, कारण सविस्तर ऐकायला माझी आईसुद्धा थांबत नाही. नारळाचा काथ्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचा, धुवायचा, वाळवायचा. काचेला मेण फासून त्यावर तो पसरायचा. इपॉक्सी म्हणजे एक चिकट राळ, तिच्यात वजनाने दहास एक हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारं रसायन, कालवून वर ओतायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे (निघत नाहीत), वर दुसरी काच, त्यावर हॉस्टेलमधली सगळी जाड पुस्तकं, आणि चोवीस तास देवाचं नाव. एकदा घाईत मी सगळं इपॉक्सी एकाच मगात कालवलं, तर ते आपलं आपणच तापलं, धूर निघाला, आणि तो मग चमच्यासकट कायमचा दगड झाला. तो अजून खिडकीत आहे. चमचा मेसचा होता, त्याचे पैसे भरले.

या उद्योगातून निघालेल्या पाट्या टाइल कापायच्या कटरने कापून मी पट्ट्या केल्या. लांबी २५० मिलिमीटर, रुंदी २५, जाडी ३. काथ्याचं प्रमाण १०, २० आणि ३० टक्के, प्रत्येकी पाच पट्ट्या, एकूण पंधरा. पाचच का, तर एएसटीएम डी ३०३९ नावाचं मानक सांगतं की प्रत्येक प्रकारचे किमान पाच नमुने ओढून तोडा, मगच सरासरीच्या गप्पा मारा.

ओढून तोडायचं यंत्र आमच्या कॉलेजात आहे. ४० टनांचं यूटीएम, बांधकामाच्या सळ्यांसाठी घेतलेलं. माझी पट्टी तुटणार दोनशे किलोच्या आसपास. म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर हिंग मोजायला नेण्यासारखं. त्यामुळे भोसरीची एक खाजगी लॅब. नमुन्यामागे ८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. 'कॉलेज नंतर देईल' असं सर म्हणाले आहेत. या 'नंतर'चं मानक अजून कुणी काढलेलं नाही.

तर आईच्या साडीच्या खोक्यात पंधरा पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी कराडहून स्वारगेटच्या गाडीत बसले. उंब्रजला आजोबा चढले. पांढरी टोपी, हातात काठी आणि आधार कार्ड. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट. आमच्या त्या एका बाकावर महामंडळाचा नुसता तोटाच बसला होता.

"साडी काय?" खोक्याकडे बघत आजोबा.

"नाही आजोबा, नमुने आहेत."

आजोबा दोन इंच पलीकडे सरकले. माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांच्या वयाच्या माणसाला 'नमुना' म्हणजे एकच गोष्ट, झाकणाच्या डबीतून द्यायची.

"तसले नाहीत. कॉलेजचे. मी मेकॅनिकलला आहे."

"म्हंजे ग्यारेज." आजोबा परत दोन इंच अलीकडे आले. "आन पोरीस्नी घेत्यात?"

घेतात. वर्गात आम्ही तिघी आहोत, आणि वर्कशॉपमध्ये कुठल्याही मशीनपाशी उभ्या राहिलो की कुणीतरी येऊन 'मी करून देतो' म्हणतं. पण हे एसटीत काय सांगायचं? मी नुसती मान हलवली.

सातारा स्टँड येईपर्यंत विषय आजोबांच्या गुडघ्यांचा होता. दोन्ही वाट्या बदलल्यात. एक बरी बसली, दुसरी पावसाळ्यात बोलते. जिना नको, खाली बसणं नको, पूजेलासुद्धा खुर्ची. मला खरंच कळवळा आला. शिवाय मेकॅनिकलवालीला राहवतं थोडंच? मी त्यांना सांगितलं की आत बहुतेक वरचा भाग कोबाल्ट-क्रोमचा असेल, खालची थाळी टायटॅनियमची, मध्ये पॉलिथिलीनची चकती. आजोबांनी मांडीवर थाप मारली. "सूनबाईला सांगायला पायजे. ती म्हनती लोखंड हाय." माझ्या खोक्यातल्या सगळ्या मालापेक्षा महागडं मटेरियल हा माणूस धोतरात घेऊन फिरत होता.

जोशी विहिरीपाशी त्यांनी परत खोक्याचा विषय काढला. "मग ह्ये काय हाय म्हनलीस?"

मी कॉम्पोझिट समजावलं. दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र करायच्या. एक धागा, तो ताण घेतो. दुसरी त्याला धरून ठेवणारी, ती ताण एका धाग्याकडून दुसऱ्याकडे पोचवते. दोघी आपापल्या जागी वेगळ्याच राहतात, पण मिळून जे होतं ते एकटीला जमत नाही.

"कुडाची भिंत," आजोबा म्हणाले.

"अं?"

"आमचं जुनं घर. काठ्या रवायच्या, मातीत भुसा आन शेन तुडवायचं आन वर लिंपायचं. भुसा न्हाई घातला तर भिंत तडकती. ह्यात यम्टेक काय हाय?"

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य असं आहे की प्राचीन इजिप्तमध्ये विटांच्या मातीत गवत मिसळत. मी वाचलेल्या निम्म्या प्रबंधांचं पहिलं वाक्य हेच आहे. एवढ्या लांब इजिप्तला जायची कुणालाच गरज नव्हती, उंब्रजला उतरलं असतं तरी चाललं असतं. पेणला प्लॅस्टरच्या गणपतीत काथ्या घालतात तेही हेच. पण त्याला संदर्भसूचीत जागा नाही.

हार मानायची नाही म्हणून मी विमान काढलं. "आजोबा, बोइंग ७८७ आहे ना, त्याचं जवळजवळ निम्मं वजन कॉम्पोझिटचं असतं. आपलं तेजस, त्याच्यातही पुष्कळ."

आजोबांनी पहिल्यांदा माझ्याकडे आदराने बघितलं. "काथ्याचं?"

"नाही. कार्बन फायबरचं."

"मग तू कार्बनचं का न्हाई केलंस?"

गाडी तेव्हा खंबाटकीच्या बोगद्यात होती. अंधार होता ते बरं झालं.

का नाही केलं? कारण कार्बनचं कापड मीटरवर मिळतं आणि त्या मीटरच्या किमतीत हॉस्टेलची मेस निघते. ते नीट करायला व्हॅक्यूम पंप लागतो, चांगलं करायला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवणारी बंद भट्टी, लागतो, आणि आमच्या लॅबमध्ये मिळून चार काचा आहेत, त्यातली एक तडकलेली. म्हणून आमच्यात काथ्या, ताग, केळीचं सोपट, घायपात, उसाची चिपाडं. जे शेतात पडलेलं असतं त्यावर आम्ही संशोधन करतो, त्याला 'पर्यावरणपूरक' म्हणतो, आणि शेवटी लिहितो की हे मटेरियल मोटारीच्या आतल्या भागांसाठी वापरता येईल. मी वाचलेल्या पेपरांतली सगळी मटेरियलं खरंच वापरली, तर मोटारीत माणसाला बसायला जागा उरणार नाही. हेन्री फोर्डने १९४० साली आपल्या गाडीला असंच शेतातल्या सोयाबीनपासून केलेल्या प्लॅस्टिकचं डिकीचं झाकण लावून त्यावर भर लोकांत कुऱ्हाड घातली होती म्हणे, आणि झाकणाला काही झालं नाही. गाडी त्याची, झाकण त्याचं, कुऱ्हाडही त्याचीच.

बोगदा संपला. "दाव की एक," आजोबा म्हणाले. आणि मी दिली. चूक झाली ती इथे. सी-२०-४, म्हणजे २० टक्क्यांतली चौथी पट्टी, सगळ्या पंधरांत देखणी. एकही बुडबुडा नाही, कडा सरळ, दोन्ही टोकांना ग्लास-इपॉक्सीचे तुकडे चिकटवलेले, यंत्राच्या जबड्यात चेपू नये म्हणून. दाखवायची तर चांगली दाखवावी, ही आपली संस्कृती.

आजोबांनी ती उजेडात धरली, नखाने वाजवली, वास घेतला. मग दोन टोकं दोन हातांत धरली. मग तो गुडघा, जो जिना चढत नाही, पूजेला वाकत नाही आणि पावसाळ्यात बोलतो, तो टुणकन वर आला.

कट.

एएसटीएम डी ७९० मध्ये अगदी हीच चाचणी आहे. दोन टोकांना आधार, मधोमध भार. फरक एवढाच की तिथे मधला रूळ स्टीलचा असतो, इथे कोबाल्ट-क्रोमचा होता. मी नंतर हिशेब केला. माझ्या पट्टीला असं मोडायला मध्यावर साधारण तीन किलो पुरतात. तीन किलो! म्हणजे चार महिने खपून मी जे बनवलं ते दोन-तीन कोबीच्या गड्ड्यांखाली मोडतं. ओढायला मात्र दोनशे किलो लागतात, हे मला आजोबांना सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना.

"मोडली," आजोबा म्हणाले. पश्चात्ताप नाही. निष्कर्ष.

"आजोबा! का मोडली?"

"मोडून बघितल्याबिगर कळंल कसं मजबूत हाय का न्हाई?"

"अहो, पण ती टेस्टिंगला न्यायची होती!"

"तिथं काय करत्यात?"

मी गप्प. पुढच्या बाकावरच्या दोन बायका मागे वळून बघत होत्या. कंडक्टरताई तिकिटाचं मशीन घेऊन थांबल्या होत्या.

"ओढून... तोडतात."

"मग तू बी मोडनारच हुतीस न्हवं?" आजोबांनी सगळ्या बसकडे बघितलं. "आन पैसं घेत्यात का त्ये?"

"आठशे," मी म्हणाले. का म्हणाले माहीत नाही.

"म्या फुकट मोडली."

बस हसली. ड्रायव्हरसुद्धा, आरशात दिसलं. कंडक्टरताईंनी विचारलं, काय मोडलं? कुणीतरी म्हणालं, पट्टी. त्या म्हणाल्या, "मग एवढं काय, धा रुपयाला मिळती शिरवळला स्टँडसमोर." ते पाच नमुने, एकाच दिवशी एकाच काचेवर ओतलेले, नवा केला तर तो त्या लॉटचा होत नाही, हे मी कुणाला समजावणार? 'कॉलेजचं काहीतरी' या दोन शब्दांत माझे चार महिने बसमध्ये बसतात, उभ्यानेसुद्धा.

शिरवळ येईपर्यंत आम्ही बोललो नाही. मग आजोबांनी एक तुकडा हळूच मला परत दिला आणि दुसरा सदऱ्याच्या मागे घालून पाठ खाजवली. बराच वेळ. डोळे मिटून.

"ह्यो राहू दे का मला?"

राहू द्या म्हटलं.

भोसरीला उरलेल्या चौदांची टेस्ट झाली. नमुना कुठे तुटला याचेही तीन अक्षरी संकेत असतात. एलजीएम म्हणजे आडवा, मोकळ्या भागात, बरोबर मध्ये. हे सगळ्यात उत्तम. २० टक्क्यांतल्या माझ्या चारपैकी दोन जबड्याला लागूनच तुटले, म्हणजे त्यांचा आकडा धरायचा की नाही यावर वाद. बिलावर मात्र वाद नाही, चारांचे चार लावले. माझ्याकडचा तुकडा घरी येऊन मोजला. टोकापासून १२५ मिलिमीटर. बरोबर मध्ये. आडवा. तुटलेल्या तोंडातून काथ्याचे केस बाहेर आलेले, पुस्तकातल्या फोटोसारखे.

काल सरांनी आकडे बघितले आणि विचारलं, पाचवा कुठंय? मी सांगितलं, वाहतुकीत तुटला.

"पॅकिंग नीट करत जा," सर म्हणाले.