‘प्रश्न उद्भवत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक करदाता’ यांस,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मं पटलं. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर फक्त लेखी मिळतं तो, हे आमदाराच्या हातातलं सगळ्यांत स्वस्त हत्यार आहे. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे निव्वळ कागद काळे करणं आहे, तुमच्या तालुक्यातल्या नळपाणी योजनेवर आमदारांनी प्रश्न टाकला, उत्तर आलं ‘हे खरे नाही’ आणि त्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’, नळ अजून कोरडाच, त्यापेक्षा माहिती अधिकाराचा अर्ज बरा, आणि मी आयुष्यभर सरकारी खुर्चीत बसलो म्हणून मला कागदाचं कौतुक.

शेवटचं आधी घेतो. हो, बसलो. एका जिल्ह्याच्या गावी, पाणीपुरवठ्याच्याच कार्यालयात, वरिष्ठ लिपिक म्हणून. ज्या दोन ओळींनी तुमचं डोकं फिरलं, तशा ओळी मी स्वतः टाइप केल्या आहेत.

फॅक्सचा जमाना होता. संध्याकाळी सव्वापाचला, पिशवी उचलून निघणार तोच मशीन कुरकुरलं. गुळगुळीत कागदाची सुरळी बाहेर आली, वर ‘विधिमंडळ कामकाज – अत्यंत तातडीचे’. आमच्यात अशा विधानसभेच्या प्रश्नाला एलएक्यू म्हणायचे. एलएक्यू आला की रजा रद्द, जेवण रद्द. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत माहिती मंत्रालयात पोहोचायला हवी. प्रश्न असा होता: ‘(१) अमुक तालुक्यातील १४ गावांची नळपाणी पुरवठा योजना गेल्या दोन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उपअभियंत्यांनी रात्रीत जीप पळवली. पहाटे निरोप आला: ११ गावांत योजना बंद, ३ गावांत एक दिवसाआड पाणी, आणि बंद पडून झालेत १९ महिने. साहेबांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, “चौदा नाहीत, दोन वर्षंही नाहीत. मग लिहा, हे खरे नाही.” मी लिहिलं. (२), (३), (४) प्रश्न उद्भवत नाही. त्या उत्तरात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या ११ गावांतलं एक माझ्या मावशीचं. तिला मी हे कधी सांगितलं नाही.

याच जागी ‘अंशतः खरे आहे’ असंही लिहिता आलं असतं. तो पर्याय रूढ आहे, छापील याद्यांत पानोपानी दिसतो. दोन्हींतलं काय लिहायचं हे त्या दिवशी खुर्चीत कोण बसलंय यावर ठरतं, आणि एवढ्यापुरता तुमचा राग माझ्यासारख्यांवर वाजवी आहे.

पण प्रश्न पुन्हा वाचा. तो आगगाडीसारखा जोडलेला आहे, सगळे डबे पहिल्या इंजिनाला. ‘हे खरे आहे काय’ला ‘नाही’ म्हटलं की मागचे तीन डबे आपोआप सुटतात. बाहेर पडायचं दार प्रश्नकर्त्यानेच उघडून ठेवलेलं असतं. अनुभवी आमदारांच्या प्रश्नांत म्हणूनच ‘अमुक तारखेस वा त्या सुमारास निदर्शनास आले’ अशी भाषा असते. लोक त्याला सरकारी मराठी म्हणून हसतात. ते ‘वा त्या सुमारास’ आमच्यासारख्या कारकुनांसाठी लावलेलं कुलूप आहे: तारीख दोन दिवसांनी चुकली म्हणून कुणी ‘खरे नाही’ लिहू नये.

तोंडी प्रश्नात एवढी काळजी घ्यावी लागत नाही. तिथे मंत्री समोर असतो, पूरक प्रश्न विचारता येतो, “१४ नाहीत तर किती?” असं तोंडावर म्हणता येतं. लेखी प्रश्नाला दुसरी खेळी नाही. लोकसभेच्या नियमांत तर प्रश्न दीडशे शब्दांपलीकडे जाऊ नये, त्यात युक्तिवाद नको, उपरोध नको, काल्पनिक गोष्टीवर मत मागायचं नाही. उरतो फक्त मजकूर. तो ढिला असला तर सगळंच गेलं.

तुमची एक दुरुस्ती मात्र बिनशर्त मान्य. तारांकित प्रश्नांची उत्तरं सभागृहात तोंडी मिळतात, असं मी सरसकट लिहिलं होतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात, प्रश्नोत्तराच्या तासात त्यांतले मोजकेच पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरं लेखीच सभागृहाच्या पटलावर, म्हणजे अधिकृत नोंदीत जातात. विसाच्या वीस प्रश्न झाले, ही नोव्हेंबर २०१९ मध्ये बातमी झाली होती, कारण १९७२ नंतर ते पहिल्यांदा घडलं. शिवाय दिवसाला २३० पर्यंत अतारांकित असतातच. म्हणजे संसदेतलं बहुतांश प्रश्नोत्तर लेखीच चालतं. टीव्हीवर दिसतो तो वरचा तवंग.

आता ‘त्यातून काही निघत नाही’ याबद्दल. सप्टेंबर २०२० आठवा. कोविडमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी प्रश्न ठेवले होते. टाळेबंदीत मृत्युमुखी पडलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल विचारलं गेलं.  श्रम मंत्रालयाचं उत्तर आलं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही, आणि भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. तुमच्याच नळासारखं. पण काही दिवसांत राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांचं लेखी उत्तर आलं: राज्यांच्या पोलिसांकडून मिळालेल्या माहितीनुसार ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांत ९७ जणांचा मृत्यू. एका खात्याकडे आकडा नाही, दुसऱ्याकडे निदान गाड्यांपुरता आहे. दोन्ही कागद एकाच अधिवेशनातले, मंत्र्यांच्या नावानिशी. भाषणात केलेलं विधान “तसं म्हणालोच नव्हतो” म्हणून गुंडाळता येतं, पटलावर ठेवलेलं उत्तर नाही. ‘आकडेवारी नाही’ हेही मग उत्तरच ठरतं, आणि ते देणाऱ्याला चिकटून राहतं.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे व ती पटलावर ठेवण्यात येईल’ हे वाक्यही तुम्ही थाप ठरवलंत. लोकसभेत हे आश्वासन धरलं जातं. त्याची वेगळी नोंद होते, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि नाही केलं तर शासकीय आश्वासनांची समिती खात्याच्या सचिवांना बोलावून विचारू शकते. ही समिती १९५३ पासून आहे. मुदतवाढी मागितल्या जातात, आश्वासनं वर्षानुवर्षं पडून राहतात, सगळं खरं. पण ती कुणीतरी मोजत असतं.

माहिती अधिकाराशी याची कुस्ती का लावता, ते मला कळलं नाही. त्या कायद्याच्या आठव्या कलमातच एक वाक्य होतं की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे तुमच्या अर्जाची उंची आमदाराच्या प्रश्नाच्या मापाने मोजलेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते वाक्य काढून टाकायची तरतूद केली. रागवायचं तर त्यावर जरा रागवा.

ढिगाने प्रश्न टाकून संख्या मिरवणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर वाद नाही. पेपरातलं कात्रण स्वीय सहायकाकडे जातं आणि त्याचे चार उपप्रश्न होऊन आमच्या टेबलावर येतं. ते आम्हालाही ओळखू यायचं.

माझ्या फॅक्सचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. उपअभियंत्यांनी रात्री गोळा केलेली गावांची यादी, पेन्सिलने लिहिलेली, त्या फाईलमध्ये लागली. त्याआधी कोणत्या गावात पाणी येतं आणि कोणत्या नाही, याची एकत्र यादी आमच्या कार्यालयात नव्हतीच! पुढच्या वर्षी दुसऱ्या एका सदस्याचा प्रश्न आला: ‘किती गावांत योजना बंद आहे, कोणत्या महिन्यापासून, गावनिहाय कारणे काय?’ साहेब बदललेले होते. नव्या साहेबांनी फाईल मागवली, पेन्सिलची यादी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. ‘खरे नाही’ लिहायला जागाच नव्हती. गावांची नावं कारणांसह गेली: पंप जळाला, वीजबिल थकलं, उद्भव (पाण्याचा स्रोत) आटला. मावशीच्या गावापुढे ‘वीजबिल थकीत’ होतं.

तुमच्या आमदारांकडे पुढच्या अधिवेशनाआधी जाणार असाल तर मसुदा असा न्या: ‘(१) अमुक योजनेतील प्रत्येक गावाला गेल्या १२ महिन्यांत किती दिवस पाणीपुरवठा झाला, (२) बंद असलेल्या प्रत्येक गावातील बंद पडण्याचा महिना व कारण काय, (३) दुरुस्तीसाठी मंजूर रक्कम किती, खर्च किती, व काम कोणाकडे आहे, (४) पाणीपुरवठा कोणत्या तारखेपर्यंत सुरू होईल?’ ‘हे खरे आहे काय’ कुठेही घालू नका. स्वीय सहायक सवयीने घालतील. टाइप झाल्यावर एकदा स्वतः वाचून घ्या.