संदर्भ हवा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक ठोकून पुढे सरकावं.

जळगावला एका कॉलेजात ‘मुक्त विज्ञान’ या विषयावर कार्यशाळा होती. नाव घेत नाही, चहा चांगला होता. दुकान बंद ठेवून चोपड्याहून एसटीत उभ्यानं गेलो. पडद्यावर युनेस्कोची २०२१ ची शिफारस झळकत होती. १९३ देशांनी मान्य केलेली, संशोधन सगळ्यांसाठी खुलं करा, समाजाला सोबत घ्या, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न विचारा म्हणाले, तर मी उठलो. म्हटलं, सर, मी मराठी विकिपीडियावर लिहितो, तुमच्याकडचे केळीच्या रोगांचे फोटो मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता येतील असे, द्याल का? सर हसले. “विकिपीडिया? आम्ही मुलांना सांगतो, तिकडे बघूसुद्धा नका. कोणीही काहीही लिहितं.” सभागृह हसलं. मीही हसलो, नेभळटासारखा. खरा राग त्याचाच आहे.

तो ‘कोणीही’ म्हणजे मी. दिवसभर मोटार रिवाइंडिंग, रात्री जेवण झालं की दीड-दोन तास विकी. दमडी मिळत नाही, मागितलीही नाही.

आता आप्पांची, म्हणजे माझ्या काकांची, गोष्ट. जुन्या मित्रांनी दोनदा ऐकलीय, तिसऱ्यांदा ऐका. चार वर्षांपूर्वी ऑगस्टात त्यांच्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या केळीत, हरण्या हा रोग आला. पानांवर पिवळे पट्टे, नवं पान आखूड, वेडंवाकडं, मग पोंगाच, म्हणजे मधला कोंब, सडायला लागला. टिश्यूची रोपं, ठिबक, सगळं उधारीचं. आप्पा म्हणाले, “रातभर त्या मोबाइलमा काय करस? देख ना काही सापडस का.”

शोधलं. सापडलंही. आपल्याच जिल्ह्यातली केळी, आपलाच रोग, त्यावरचा लेख मात्र परदेशी प्रकाशकाकडे कुलपात. वर दहा ओळींचा सारांश, खाली डॉलरमधली किंमत. रात्री एक वाजता त्या संशोधकाला मोडक्या इंग्रजीत मेल टाकला. सकाळी नऊच्या आत पूर्ण लेख आला, सोबत ‘बाग वाचो’ अशी एक ओळ. (म्हणजे माणसं वाईट नाहीत. हे लिहिताना जरा थंड झालोय.) लेखात होतं की हरण्याचा हा विषाणू (इंग्रजीत कुकुंबर मोझॅक व्हायरस, थोडक्यात सीएमव्ही) मावा पसरवतो आणि काकडीवर्गीय वेलांवर तो आयता तग धरतो. मी बांधाकडे बघितलं. काकूंचा गिलक्यांचा मांडव, हिरवागार.

आप्पांनी मोबाइल हातात घेतला, बोटानं दोन पानं सरकवली आणि विचारलं, “हाई मराठीमा नही का रे?”

एवढंच विचारतोय मीसुद्धा.

विकिपीडियावर मनचं लिहिता येत नाही, हे त्या सरांना कोणी सांगावं. आप्पांनी तीस वर्षं बागेत जे बघितलं ते मी लेखात टाकू शकत नाही. छापील आधार नसला की कोणीतरी वाक्याला शेपूट लावतो: संदर्भ हवा. आणि संदर्भ कुठे, तर कुलपात. पाचशे संपादनं आणि सहा महिने झाले की विकिपीडिया लायब्ररीतून आम्हाला बरीच विकतची नियतकालिकं फुकट वाचता येतात, तेही केलं. पण मी वाचून लिहिलं तरी वाचणाऱ्यानं खालच्या दुव्यावर बोट ठेवलं की पुन्हा तीच डॉलरची पाटी. फोटोंचं तसंच. संकेतस्थळावर टाकलं की मुक्त झालं असं लोकांना वाटतं. ‘सर्व हक्क राखीव’ किंवा ‘व्यापारी वापरास मनाई’ असं खाली असेल तर कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या मुक्त भांडारात, ते चालत नाही, कितीही सुंदर पान असो.

विकतची नियतकालिकं सरकारी शिक्षण-संशोधन संस्थांत वाचता यावीत म्हणून सरकारनं २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, ६,३०० च्या वर संस्था. विद्यार्थ्यांची सोय झाली, मान्य. पण आप्पा कोणत्या संस्थेत आहेत?

आणि एकत्र काम होत नाही असंही नाही. २००८ मध्येच ‘आरएनए बायॉलॉजी’ नावाच्या नियतकालिकानं नियम केला होता की आरएनएच्या (पेशीतल्या एका प्रकारच्या रेणूंच्या) एखाद्या कुळावर शोधनिबंध द्यायचा तर सोबत विकिपीडियासाठीही लेख लिहून द्या, तोही तपासला जाईल. २००८! तेव्हा आपल्याकडे लोक मिस्ड कॉलवर दिवस काढत होते. केळीसाठी कोणी हा नियम केला तर काय बिघडेल? संशोधकाला वाचक मिळेल, आम्हाला आधार मिळेल.

हो, आमच्याकडे चुका असतात. काही लेख तर वाचवत नाहीत. फवारणीची मात्रा विकिपीडियावरून घेऊ नका, हे मीच दुकानात सांगतो. पण चूक दिसली तर दुरुस्त करायला दार उघडं आहे ना? हसण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

आप्पांची दीडशे झाडं उपटून पुरावी लागली. काकूंनी मांडव स्वतः काढला, कोणाशी बोलल्या नाहीत त्या दिवशी.

हं. तर सभागृहातून निघताना पीएचडी करणारी एक मुलगी मागे आली. रावेर-यावलच्या बागांत फिरून काढलेले तीनशेच्या वर फोटो तिच्याकडे आहेत, निबंधात चारच लागले. बाकीचे फोनमध्ये पडून आहेत. परवाना कसा निवडायचा विचारत होती. स्टँडवर एसटी येईपर्यंत तिच्याच मोबाइलवर खातं उघडून दिलं, गाइडला आधी विचार असंही बजावलं.

आत्ता हे टाइप करतानाच तिचा मेसेज आला. गाइड हो म्हणाल्या. बारा फोटो चढलेत. विचारतेय, वर्णनात सीएमव्ही लिहू की हरण्या?

म्हटलं, दोन्ही लिही. हरण्या आधी.