'रिकामटेकड्या बायकांचे उद्योग' म्हणणाऱ्या दादांना

दादा, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटने आपल्या आजाराची एक वही ठेवावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेशंटला अर्धवट डॉक्टर करू नका, वहीबिही हे रिकामटेकड्या बायकांचे उद्योग आहेत, सांगलीत राहून हळदीला नावं ठेवू नका, आणि जतहून मिरजेला यायला जिथे भाडं नसतं तिथे असले सल्ले काय कामाचे.

लेख लांबला, मान्य. निम्म्यात उरकला असता. पण 'रिकामटेकड्या'?

आयुष्य शाळेत मुलं हाकण्यात गेलं माझं. ऑपरेशन झालं तेव्हा घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि माझ्या काखेखालून ड्रेनची, म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारी, नळी बाहेर आलेली. तिची बाटली जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि तशीच पोळ्या लाटायच्या. सकाळी ती मोजमापाच्या भांड्यात ओतायची, रंग बघायचा, किती मिली निघालं ते लिहायचं. हा आकडा दिवसाला साधारण ३०च्या खाली आला की नळी काढायचं बघतात. तो आकडा कुणी लिहायचा? सर्जन रोज सकाळी माझ्या मोरीत येऊन उभे राहणार होते का?

आणि ताप. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या दिवसांत थर्मामीटरने १००.४ फॅरनहाइट दाखवलं की मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा असतो. मला ताप आला तेव्हा घरातले सगळे म्हणाले, तापाची गोळी घे, सकाळी बघू. गोळीने ताप उतरला असता, आतला जंतुसंसर्ग तसाच राहिला असता. मी हट्टाने निघाले. कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरने पहिला प्रश्न केला, शेवटची केमो कधी झाली, औषधं कुठली? आमचे हे आणि दीर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी वही पुढे केली. रक्त तपासायला गेलं आणि लगेच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. यात मी डॉक्टर कुठे झाले ते मला दाखवा. डॉक्टरला हवं होतं तेवढंच मी त्याच्या हातात ठेवलं. लिहिता न येणाऱ्या बाईने काय करायचं, असं विचारलं असतंत तर तो प्रश्न रास्त होता. तिच्यासाठी नातवंडाने लिहावं. पण तुम्हाला विचारायचं नव्हतं, टोमणा मारायचा होता.

हळदीचं म्हणाल तर भाजीतली, दुधातली हळद मी रोज खाते. मी लिहिलं होतं हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलबद्दल, पण लेख शेवटपर्यंत वाचायचा कशाला! २०१९ सालच्या एका डच अभ्यासात टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) आणि मिऱ्याचा अर्क एकत्र दिला, तेव्हा रक्तातलं एन्डॉक्सिफेन कमी झालं. एन्डॉक्सिफेन म्हणजे त्या गोळीपासून शरीरात तयार होणारं, खरं काम करणारं रूप. पाच-पाच, कधी दहा वर्षं घ्यायची गोळी अशी अर्धवट वाया का घालवायची? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं तेव्हा मीही पेढे वाटले असते. पण म्हणून ती कॅप्सूल कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता घ्यावी, असं होत नाही.

भाड्याचा मुद्दा वेगळा आहे, त्यात मी शिरत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

बाकी, 'आमच्या बायकांना एवढा वेळ नसतो' हे तुम्ही लिहिलंत; आधी त्यांना विचारलं होतंत का, साहेब?

पुढचा लेख काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला येणाऱ्या सुजेवर आहे. तोही लांबणार आहे. वाचायची सक्ती नाही.